शब्दांचे कुलवृत्तांत

इंग्लंडमधील कुरणांवर एक चिमुकले पांढरे फूल उगवते. त्याच्या मधोमध पिवळी टिकली असते. सकाळी ते उमलते आणि सायंकाळ झाली की पाकळ्या मिटून घेते. इंग्रजीत त्याला 'डेझी' म्हणतात. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत या फुलाचे नाव 'दिवसाचा डोळा' अशा अर्थाचे होते. शतकानुशतके लोकांच्या तोंडी घोळून ते झिजले आणि त्याचे डेझी झाले. त्याच कुरणात 'डँडेलायन' नावाचे पिवळे फूल फुलते. त्याच्या पानांच्या कडा करवतीसारख्या असतात, म्हणून फ्रेंच लोकांनी त्याला 'सिंहाचा दात' म्हटले. इंग्रजांनी तो फ्रेंच शब्द जसा ऐकला तसा उचलला, आणि त्यातला सिंहही दडला व दातही दडला. आरमाराच्या अधिपतीला इंग्रजीत 'ॲडमिरल' म्हणतात. हा शब्द तर अरबस्तानातून निघून, अनेक देशांची बंदरे करीत इंग्लंडात पोहोचला. त्यातील 'अमीर' आपल्याही परिचयाचा आहे.

घराण्यांचे कुलवृत्तांत असतात, तसे शब्दांचेही असू शकतात. मूळ पुरुष कोण, घराणे कोठून आले, नाव कसे बदलले, वंश पुढे कसा वाढला, हे सारे त्यांत यावे लागते. आणि ऐकीव गोष्टींवर न विसंबता पुराव्यानिशी यावे लागते. इंग्रजी भाषेतील सर्व शब्दांचा असा कुलवृत्तांत रचण्याचे कार्य ज्यांनी अंगावर घेतले व ज्यांत आपले आयुष्य वेचले, ते सर जेम्स मरे हे एका खेडेगावातील शिंप्याचे पुत्र होते.

स्कॉटलंडच्या दक्षिण भागात हॉइक नावाचे गाव आहे. त्याच्या जवळच्या डेनम या खेड्यात ७ फेब्रुवारी १८३७ रोजी जेम्सचा जन्म झाला. वडील कपडे शिवीत. घरची स्थिती बेताची. परंतु या मुलाची जिज्ञासा मात्र अमर्याद होती. रानातील फुले, दगडांतील जीवाश्म, आकाशातील तारे, जुनी नाणी, परक्या लिप्या, असे काहीही दिसले की त्याचे मूळ शोधल्यावाचून त्याला चैन पडत नसे. चिनी भाषेतील बायबलचे एक पान हाती लागले, तेव्हा त्याने त्यातील चिन्हे ताडून पाहण्याचा खटाटोप केला. गावच्या गाईंना लॅटिन भाषेत हाका मारून त्या ओळखतात काय, याचाही प्रयोग त्याने करून पाहिला. एकदा पाण्यावर तरंगण्यासाठी त्याने हलक्या गवती देठांच्या जुड्या दंडांना बांधल्या. जुड्या तरंगल्या, पण त्यांनी या संशोधकालाच उलटे केले! सोबत्यांनी वेळीच ओढून काढले म्हणून तो वाचला.

पुढील शिक्षणास पैसा नव्हता. चौदाव्या वर्षी त्याची शाळा सुटली. तथापि शिकणे सुटले नाही. सतराव्या वर्षी हॉइक येथील शाळेत तो साहाय्यक शिक्षक झाला आणि विसाव्या वर्षी दुसऱ्या एका विद्यालयाचा मुख्याध्यापक! ज्याने शाळा चालविली आहे, त्यालाच या गोष्टीचे खरे नवल वाटेल. दिवसा मुलांना शिकवावे, रात्री नव्या भाषेचे व्याकरण उघडावे, असा जेम्स मरे यांचा क्रम होता. आपल्या भागातील शेतकऱ्यांची बोली ते विशेष कान देऊन ऐकत. सुशिक्षितांनी गावंढळ म्हणून टाकलेले पुष्कळसे शब्द वास्तविक फार जुने व कुलीन आहेत, हे त्यांच्या ध्यानी आले.

१८६२ मध्ये त्यांचा विवाह झाला. परंतु संसारास दृष्ट लागली. त्यांची तान्ही मुलगी वारली आणि पत्नी मॅगी क्षयाने आजारी पडली. स्कॉटलंडची कडक थंडी तिला सोसणार नाही, असे वैद्यांनी सांगितल्यावरून मरे यांनी आपली आवडती शाळा सोडली व लंडनमध्ये एका बँकेत कारकुनी पत्करली. हिंदुस्थान, ऑस्ट्रेलिया व चीन या देशांशी व्यवहार करणारी ती बँक होती. इतके करूनही मॅगी वाचली नाही. दिवसभर परदेशी पत्रव्यवहाराचे कागद हाताळावेत व उरलेल्या वेळी भाषांचा अभ्यास करावा, असे ते दिवस गेले. पुढे १८६७ मध्ये एडा रूथव्हेन या सुविद्य स्त्रीशी त्यांचा दुसरा विवाह झाला. त्या वेळी वराचा सोबती म्हणून त्यांच्या शेजारी उभा असलेला तरुण म्हणजे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल होय. टेलिफोनच्या या जनकाला विजेचे पहिले पाठ मरे यांनीच दिले होते.

याच सुमारास मरे यांनी ब्रिटिश म्युझियममधील एका जागेसाठी अर्ज केला. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, जर्मन, डच, जुनी इंग्रजी, रशियन, हिब्रू, अरबी, संस्कृत अशा वीसहून अधिक भाषांशी आपला कमी-अधिक परिचय असल्याचे त्यांनी त्यात नम्रपणे नमूद केले होते. ती जागा त्यांना मिळाली नाही! १८७० मध्ये ते लंडनजवळील मिल हिल येथील शाळेत शिक्षक झाले आणि आपल्या भागातील बोलीवर त्यांनी एक ग्रंथ लिहिला. त्यामुळे भाषाभ्यासकांच्या मंडळात त्यांचे नाव झाले.

त्या मंडळासमोर एक मोठे काम बरीच वर्षे रखडले होते. डॉ. जॉन्सन यांचा १७५५ सालचा इंग्रजी कोश प्रसिद्ध होता. परंतु त्यात असंख्य शब्द आलेले नव्हते. १८५७ मध्ये मंडळातील काही विद्वानांनी हे वैगुण्य दाखवून दिले. योगायोग असा की, त्याच वर्षी इकडे मुंबईत मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. लंडनच्या विद्वानांचे म्हणणे असे होते की, कोशकाराने शब्दांचा न्यायाधीश होऊ नये, इतिहासकार व्हावे. हा शब्द चांगला, तो वाईट, असा निवाडा त्याने देऊ नये. शब्द प्रथम कोठे लिहिलेला आढळतो, त्याचा अर्थ कोणत्या काळात काय होता, तो कधी प्रचारातून गेला, हे त्याने ग्रंथांतील उताऱ्यांच्या आधारे दाखवावे. विचार उत्तम होता. पण पहिला संपादक दोन-तीन वर्षांतच वारला. दुसऱ्याचा उत्साह दांडगा, परंतु व्यवस्था यथातथाच. वीस वर्षे लोटली, तरी कोशाचे एक पानही छापले गेले नव्हते.

अखेर १ मार्च १८७९ रोजी ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या मुद्रणालयाशी करार झाला व संपादकत्व मरे यांच्याकडे आले. दहा वर्षांत चार खंड पुरे करावयाचे, असे ठरले. शाळेतील काम सांभाळूनच हे करावयाचे होते. मिळणाऱ्या रकमेतूनच साहाय्यकांचे पगार भागवावयाचे होते.

शाळेच्या आवारात मरे यांनी लोखंडी पत्र्याची एक खोली उभारली. पूर्वी मठांत भिक्षू ज्या दालनात बसून हस्तलिखिते उतरीत, त्या दालनाला लॅटिनमध्ये 'स्क्रिप्टोरियम' म्हणत. पत्र्याच्या त्या खोलीला मरे यांनी तेच भारदस्त नाव दिले. आत हजाराहून अधिक खण असलेली फळ्यांची मांडणी केली. मग जुन्या संपादकांनी जमविलेल्या चिठ्ठ्यांची पोती गाड्यांतून येऊन दाखल झाली. एका पोत्यात मेलेला उंदीर निघाला, दुसऱ्यात उंदरांचे जिवंत बिऱ्हाडच नांदत होते. काही अक्षरांच्या चिठ्ठ्यांचा तर पत्ताच नव्हता. 'एच' या अक्षराच्या चिठ्ठ्या इटलीतील फ्लॉरेन्स शहरी सापडल्या. 'पी' व 'ए' या अक्षरांनी आरंभ होणाऱ्या शब्दांच्या चिठ्ठ्या आयर्लंडमध्ये एका तबेल्यात होत्या. त्यांपैकी काही विस्तव पेटविण्याच्या कामीही आल्या होत्या!

या चिठ्ठ्यांत असे काय होते, हे एका उदाहरणाने समजेल. इंग्रजीत काकवीसारख्या पाकाला 'ट्रीकल' म्हणतात. या शब्दाचे मूळ शोधीत मागे गेले, तर वाट ग्रीक भाषेतील 'हिंस्र प्राणी' या अर्थाच्या शब्दाशी जाऊन पोहोचते. काकवीचा व श्वापदाचा संबंध काय? नुसता तर्क लढवून याचे उत्तर मिळत नाही. निरनिराळ्या शतकांतील ग्रंथांतून हा शब्द असलेली वाक्ये, सालवार, एकाखाली एक मांडली म्हणजे उलगडा होतो. प्रथम हा शब्द सर्प व श्वापदे यांच्या दंशावरील उताऱ्याचे औषध या अर्थी येतो. पुढे तो कोणत्याही गुणकारी औषधाला लागतो. असे औषध गोड पाकात कालवून देत, म्हणून नंतर तो त्या पाकालाच चिकटतो. शेवटी औषध गेले आणि काकवी तेवढी उरली! प्रत्येक चिठ्ठीवर एक शब्द, तो असलेले वाक्य, ग्रंथाचे व ग्रंथकाराचे नाव, साल आणि पृष्ठ, इतके असले म्हणजे झाले. परंतु एकेका शब्दासाठी अशा शेकडो चिठ्ठ्या लागत.

याकरिता मरे यांनी इंग्रजी वाचणाऱ्या जगाला आवाहन केले. ग्रंथ वाचा, त्यातील वाक्ये उतरवून पाठवा, अशी ती विनंती होती. शिक्षक, धर्मोपदेशक, गृहिणी, व्यापारी, निवृत्त अधिकारी, सर्व थरांतील लोकांनी हे काम विनामूल्य केले. दिवसाला हजारापर्यंत चिठ्ठ्या येऊ लागल्या. एकंदर संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. मरे यांची मुलेही या कामातून सुटली नाहीत. त्यांना अकरा अपत्ये होती. अक्षरओळख झाली की प्रत्येकाने चिठ्ठ्या वर्णानुक्रमाने लावावयाच्या आणि त्याबद्दल खाऊपुरते पैसे मिळवावयाचे, असा घरचा नियमच होता.

या मदतगारांपैकी दोघांची हकीकत विलक्षण आहे. फिट्झएडवर्ड हॉल हे मूळचे अमेरिकन. तरुणपणी हुगळीच्या मुखाशी त्यांचे जहाज फुटले आणि ते हिंदुस्थानात अडकून पडले. येथे त्यांनी संस्कृतचा गाढ अभ्यास केला, काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापन केले व संस्कृत ग्रंथ संपादून छापले. पुढे इंग्लंडमध्ये विद्वानांशी त्यांचे कडाक्याचे भांडण झाले आणि ते एका खेड्यात एकांतवासात राहू लागले. तेथून सुमारे वीस वर्षे ते रोज चार-चार तास कोशाची मुद्रिते तपासून देत होते. एवढे काम करूनही त्यांची व मरे यांची एकदाही प्रत्यक्ष भेट झाली नाही.

दुसरे डॉ. मायनर. हे अमेरिकन सैन्यात शस्त्रवैद्य होते. त्यांना मनोविकार जडला व भ्रमाच्या भरात १८७२ मध्ये त्यांच्या हातून लंडनमधील एका निरपराध कामगाराची हत्या झाली. न्यायालयाने त्यांना ब्रॉडमूर येथील मनोरुग्णांच्या बंदिस्त इस्पितळात ठेवले. त्या कोठडीत त्यांनी जुने दुर्मिळ ग्रंथ जमविले आणि कोशाला हजारो उतारे पुरविले. मरे यांना जेव्हा त्यांची खरी स्थिती कळली, तेव्हा त्यांनी त्यांना दूर लोटले नाही. ते स्वतः इस्पितळात जाऊन त्यांना भेटले आणि पुढे अनेकदा भेटत राहिले.

१८८४ मध्ये कोशाचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. तो ३५२ पानांचा होता आणि 'ए' पासून निघून केवळ 'अँट' म्हणजे मुंगी या शब्दापर्यंत पोहोचला होता. दहापैकी पाच वर्षे सरली होती! मुद्रणालयाच्या चालकांना घाम फुटला. त्यांनी सुचविले की, उतारे कमी करावेत, नामवंत ग्रंथकारांचेच घ्यावेत, वर्तमानपत्रांतील तर नकोतच. त्यांची चिंता अगदीच निराधार नव्हती. खर्च वाढत होता व विक्री थोडी होती. परंतु नवा शब्द बहुधा प्रथम वर्तमानपत्रातच दिसतो, तेव्हा पुरावा तेथूनच घेतला पाहिजे, यावर मरे ठाम राहिले. 'काळा' या अर्थाच्या एका इंग्रजी शब्दासाठी एका निष्णात साहाय्यकाचे तीन महिने खर्ची पडले होते. घाईने पान भरता येईल, पण ते खोटे ठरेल, ही गोष्ट चालकांना समजावून सांगताना मरे थकून जात. राजीनामा देण्याचा विचारही त्यांच्या मनात येऊन गेला.

शेवटी १८८५ मध्ये त्यांनी शाळेची नोकरी सोडली व ते सहकुटुंब ऑक्सफर्डला राहावयास गेले. नव्या घराच्या बागेत पुन्हा पत्र्याची खोली उभी राहिली. पण ती शेजारच्या प्राध्यापकांच्या दृष्टीआड येते अशी तक्रार होऊ नये म्हणून जमीन खणून काही फूट खोल बसविण्यात आली. परिणामी तीत ओल व थंडी कायमची वस्तीस आली. हिवाळ्यात मरे जाड कोट घालून, पाय एका खोक्यात ठेवून काम करीत. त्यांच्या टपालाचा पसारा एवढा की, टपाल खात्याने त्यांच्या दारासमोर लाल पत्रपेटीच उभारली. पाकिटावर केवळ मरे, ऑक्सफर्ड एवढे लिहिले तरी पत्र बिनचूक पोहोचे.

त्या थंड खोलीत शब्दांची किती गुपिते उलगडली! निवडणुकीतील उमेदवाराला इंग्रजीत 'कँडिडेट' म्हणतात. कारण प्राचीन रोममध्ये अधिकारपद मागणारा पुरुष शुभ्र पांढरा झगा घालून लोकांपुढे येई, आणि शुभ्र या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून हे नाव पडले. आपला उमेदवार मात्र फारसीतील 'उमेद' बाळगून असतो, एवढाच फरक. स्वयंपाकाच्या वेळी कपड्यांवरून बांधण्याचे वस्त्र म्हणजे 'एप्रन'. हा शब्द मूळचा 'नॅप्रन'. त्याच्या मागे 'अ' हे उपपद लावून भरभर उच्चारताना त्यातला 'न' उपपदाने पळविला. इंग्रजीत 'टॉड्री' म्हणजे भडक व हलक्या प्रतीचे. इली या गावी संत ऑड्री हिच्या नावाने जत्रा भरे व तीत रेशमी गळपट्ट्या विकल्या जात. पुढे माल स्वस्त व दिखाऊ झाला, आणि बिचाऱ्या साध्वीच्या नावाची अशी गत झाली! आपल्या देशातूनही बरेच शब्द तिकडे गेले होते. 'बंगला' गेला, 'जंगल' गेले, तमिळ कोळ्यांचा ओंडके बांधून केलेला 'कट्टुमरम' हा तराफा 'कॅटमरॅन' होऊन गेला. पुढे मरे यांच्या सहकाऱ्याने संपादिलेल्या 'एम' अक्षराच्या भागात सापाचा वैरी 'मंगूस' आला, आणि त्याचे मूळ म्हणून आपल्या मराठीतील मुंगसाची नोंद झाली.

एवढी दक्षता घेऊनही चुका टळल्या नाहीत. 'ए' अक्षर छापले जात असताना आंत्रपुच्छाच्या दाहाला असलेला 'अपेंडिसायटिस' हा नवा शब्द समोर आला. एका वैद्यकपंडिताच्या सल्ल्यावरून, केवळ डॉक्टरांच्या उपयोगाचा म्हणून तो वगळण्यात आला. पुढे १९०२ मध्ये याच विकारामुळे सातव्या एडवर्ड राजाचा राज्याभिषेक ऐन वेळी लांबणीवर पडला. शब्द घरोघर झाला, आणि कोशात पाहावे तर नाही! दुसरी चूक मरे यांना अधिक लागली. 'बाँडमेड' म्हणजे बांधील दासी. या शब्दाच्या चिठ्ठ्या तयार होत्या. पण त्या कोठेतरी सरकून पडल्या आणि तो खंड छापून गेल्यावर हा शब्द राहून गेल्याचे उघडकीस आले. लाखो चिठ्ठ्या ज्यांनी सांभाळल्या, त्यांना ही एक जुडी हरवल्याचे शल्य राहिले.

काम वाढले तसे हेन्री ब्रॅडली, विल्यम क्रेगी व चार्ल्स अन्यन्स हे विद्वान क्रमाने संपादक म्हणून येऊन मिळाले. १९०८ मध्ये मरे यांना 'सर' ही पदवी मिळाली. त्यानंतरही त्यांचा दिनक्रम बदलला नाही. पहाटे उठावे, पांढरी लांब दाढी सावरीत, डोक्यावर काळी टोपी चढवून बागेतल्या खोलीत जावे आणि रात्र होईपर्यंत चिठ्ठ्यांत बुडून राहावे. १९१७ मध्ये आपल्या वयाला ऐंशी वर्षे पूर्ण होतील, तोवर कोशही पुरा व्हावा, अशी त्यांची आकांक्षा होती. परंतु दुर्धर व्याधीने त्यांना गाठले. महायुद्ध सुरू झाल्याने तरुण साहाय्यकही रणांगणावर गेले होते. अशा स्थितीत त्यांनी 'टी' अक्षराचा आणखी एक भाग हातावेगळा केला. १० जुलै १९१५ रोजी त्या खोलीत साहाय्यकांसह त्यांचे छायाचित्र घेण्यात आले. २६ जुलै १९१५ रोजी ते कालवश झाले. कोशाचा जवळजवळ अर्धा भाग त्यांच्या एकट्याच्या संपादनाखाली तयार झाला होता.

राहिलेले काम सहकाऱ्यांनी नेटाने चालविले. मरे यांच्या दोन कन्याही त्या कचेरीत काम करीत होत्या. १९२८ मध्ये शेवटचा भाग बाहेर पडला. 'एक्स', 'वाय' व 'झेड' ही अक्षरे आधीच उरकली असल्यामुळे तो 'डब्ल्यू' अक्षराचा होता. दहा वर्षांचे म्हणून हाती घेतलेले काम एकोणपन्नास वर्षांनी संपले. चार खंडांचे दहा खंड झाले होते. पंधरा हजारांहून अधिक पाने, ४,१४,८२५ शब्द आणि अठरा लाखांवर उतारे, असा तो ग्रंथराज होता. पाच वर्षांनी, १९३३ मध्ये, त्याची पुरवणी निघाली. तीत, आपल्या वर्णक्रमाच्या जागी, 'बाँडमेड' हा शब्द छापलेला होता.